वीस हजार एकशे साठ

तैसिया वेनियामिनोव्हना लाल पेन्सिल वापरत नसत.
लाल रंग आरडाओरडा करतो, म्हणायच्या,
आणि कोशातल्या नोंदीनं आवाज चढवू नये.

नोवोसिबिर्स्कजवळचा जानेवारी, बाहेर उणे चौतीस,
ओब नदीचा जलाशय दगड झालेला,
आत हीटरवर वाळत टाकलेले माझे मोजे
आणि टेबलावर अकरा पानं : सांत साधे गट.
संपादक ग्लेब इन्नोकेन्तिएविचचा निरोप आला होता,
दीड पान.

"साधा या शब्दापासून धर," त्या म्हणाल्या,
"वाचक फसतो तो तिथंच. साधा म्हणजे सोपा नव्हे.
साधा म्हणजे असं घर, की ज्याच्या आत..."
थांबल्या. घर खोडलं.
"नको. उपमा कोशात गारठून मरतात."
मग लिहिलं :
ज्याचे प्रसामान्य उपगट दोनच,
एक केवळ अविकारकाचा, दुसरा तो गट स्वतः.
"आणि दोन म्हणजे दोन.
एकाच घटकाच्या गटात हे दोन्ही एकच होतात,
म्हणून तो साधा नाही. लिही तसं.
नाहीतर टॉम्स्कहून कुणीतरी पत्र पाठवेल."

साठ घटकांचा गट माझ्या तक्त्यात तीनदा आला होता,
तीन नावांनी :
माहेरचं, सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं.
त्यांनी खणातून पुठ्ठ्याचा एक गोळा काढला,
बारा पंचकोनी तोंडांचा, कडा डिंकानं काळवंडलेल्या.
माझ्या हातात दिला. फिरव.
साठ प्रकारे तो आपल्याच जागी परत बसतो.
"तीन ओळींची एक कर. नावं मात्र सगळी ठेव,
वाचक कुठल्या दारानं येईल सांगता येत नाही."

त्या रात्री मी शहाणा झालो.
आणखी खाली गेलो, आणि सापडलं :
२०१६० दोनदा.
एक ओळ काढून टाकली,
रोडिओनकडे छपाईला पाठवली,
आणि चहात दोन चमचे जाम घातला.

सकाळी त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं.
"पहिला घे. आठ वस्तूंच्या सम अदलाबदली.
तीन वस्तू एका रिंगणात फिरव, पाच दुसऱ्या.
सगळ्या पुन्हा जागेवर केव्हा?"
पंधराव्या खेपेला. त्याआधी नाही.
"आता दुसऱ्यात असा घटक शोध."

शोधला.
दोन खेपांत परतणारे होते, तीन, चार,
पाच, सात.
दिवस तीन वाजताच मावळायला लागला, दिवा लावला.
पंधरा नव्हता.
कुठंच नव्हता.
मोजे कधीच वाळून कडक झाले होते.

रोडिओननं ओळ परत जुळवली,
आणि छापखान्यातून फोनवर ओरडला,
"हाच आकडा दोनदा! चूक आहे ना?"
तैसिया वेनियामिनोव्हना पहिल्यांदा हसल्या.
"बघ, पहिला वाचक."
म्हणून तळटीप आली :
घटकसंख्या सारखी, गट निराळे.
चार शब्द. अख्खी सकाळ गेली,
आणि जागेसाठी माझं सगळ्यात देखणं वाक्य.

शेवटी भांडण झालं ते एका क्रियापदावरून.
कुटुंबं मांडून झाली होती,
कुठल्याच कुटुंबात न मावणारे सव्वीसही.
ग्लेब इन्नोकेन्तिएविचना हवं होतं :
यादी पूर्ण आहे.
त्या म्हणाल्या, सिद्धता शेकडो लेखांत विखुरलेली,
निम्मे आपल्या ग्रंथालयात अजून पोचायचेत.
तुम्ही वाचलीत? मी नाही.
छापलं गेलं :
यादी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आहे.
ते आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

परवा तो खंड पुन्हा हातात आला,
आता माझ्याही चष्म्याचा नंबर वाढलाय.
दीड पान. तळटीप बारीक, मुंगीएवढी.
शेजारी कुणीतरी शिसपेन्सिलीनं विचारलंय,
कशावरून?
आणि त्याखाली, वेगळ्या हातानं,
फक्त : १५.